माहितीकोशाचा दुसरा भाग

महत्त्वाच्या कागदाला घडी पडू द्यायची नाही, हे माझं आयुष्यातलं एकमेव ठाम मत आहे. बाकीची मतं मी बायकोच्या, हेडमास्तरांच्या आणि शेजारच्या उमाशंकरअप्पांच्या सोयीनं बदलत आलो, पण या बाबतीत कुणाचं ऐकलं नाही. विम्याची पॉलिसी, नळाच्या जोडणीचा मंजुरी-आदेश, माझी बी.एड.ची पदवी, सगळं आमच्या घरात वर्षानुवर्षं सपाट राहिलं. त्यासाठी फाइल लागत नाही, प्लॅस्टिकची पिशवी लागत नाही. एक जाड पुस्तक लागतं.

ते आमच्याकडे होतं. ‘संसारोपयोगी माहितीकोश, भाग दुसरा, त ते म’. अकराशे पानं, लाल कापडी बांधणी. लग्नात एका सहकाऱ्यानं आहेर म्हणून दिलेलं. पहिला आणि तिसरा भाग त्याच मोसमातल्या आणखी दोन लग्नांत गेले असावेत. सतरा वर्षं तो कोश घरात होता. त्यावर उभं राहून माझ्या बायकोनं, प्रेमलानं, माळ्यावरचे डबे काढले, धाकट्या वरदनं त्याचा यष्टी म्हणून उपयोग केला, आणि मी त्यात कागद ठेवले, एका वेळी एकच; सपाट झाला की तो गादीखाली जायचा. मी स्वतःला वाचनवेडा समजतो. शाळेत भूगोल शिकवत असलो तरी ग्रंथालयाची किल्ली माझ्याच खिशात असते. तेव्हा १९९४च्या जूनमध्ये मुग्धाची दहावीची गुणपत्रिका हातात आली, शेकडा शहाऐंशी, तेव्हा ती कुठे ठेवली गेली असेल हे वेगळं सांगायला नको.

त्या शहाऐंशीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आदल्या सप्टेंबरात किल्लारीकडे भूकंप झाला. तिकडे गावंच्या गावं गेली, त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. नांदेडात आमची भांडी वाजली, भिंतीला एक तडा गेला, पण भीती मात्र पुरेपूर आली. सगळी गल्ली अडीच महिने अंगणात राहिली. दिवेलागणीनंतर प्रेमला कुणाला घरात पाऊल टाकू देईना. मुग्धानं दहावीचा अभ्यास अंगणात केला, पाण्याच्या हौदाला पाठ टेकून, तारेवर लोंबणाऱ्या एका बल्बखाली, डासांत आणि अप्पांच्या रेडिओत. शिकवणी नाही, क्लास नाही. बावीस वर्षांत मी एकाही पोराची शिकवणी घेतली नाही आणि माझ्या पोरीलाही लावली नाही. ते मार्क तिचे होते. हे मी ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांना तर दोनदा सांगितलं.

‘‘सर, पोरीला लातूरला टाका,’’ अप्पा कुंपणावर कोपर टेकून म्हणाले. अप्पांचं मोंढ्यात भुसाराचं दुकान आहे. शिक्षणाचा आणि त्यांचा संबंध सातवीत संपला, म्हणून सल्ला अगदी मोकळा असतो. ‘‘आता जे हाय ते लातूरच. तिकडं पोरगं चुकून गाडीतून उतरलं तरी डाक्टर होऊन राहिलं.’’

मुग्धालाही तिथलं विज्ञान महाविद्यालय हवं होतं. साक्षांकित झेरॉक्स जोडून आम्ही अर्ज धाडला. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर हा सगळा व्याप झालाच नसता. पण जूनच्या शेवटी गल्लीतल्या तरुण मंडळानं एका भूकंपग्रस्त गावात ग्रंथालय काढायचं ठरवलं, पुस्तकं गोळा करायला मांडव टाकून सभा भरवली आणि मला सभेचा अध्यक्ष केलं. अध्यक्ष केलं की मला बोलायला सुचतं. भाषणाच्या भरात मी म्हणालो, ‘‘घरातलं नको झालेलं देऊ नका. घरातलं सगळ्यात मोठं पुस्तक द्या!’’ टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्यावर मी थांबायला हवं होतं. मी तडक घरी गेलो, कोश उचलला आणि तो छातीशी धरून मांडवात परत आलो. पुन्हा टाळ्या झाल्या. वीरभद्रनं, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षानं, माझ्या गळ्यात हार घातला.

अकरा जुलैला, सोमवारी, पत्र आलं. मुग्धाचं नाव यादीत लागलं होतं. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मूळ गुणपत्रिकेसह समक्ष यावं, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. मी समाधानानं फळीकडे हात नेला. फळीवर कोशाच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता, आजूबाजूला धूळ होती. मला त्या टाळ्या आठवल्या.

‘‘काय शोधताय?’’ प्रेमलानं विचारलं.

खरं सांगायची ही वेळ होती. पण सतरा वर्षं ज्या पद्धतीबद्दल मी तिला ऐकवत आलो, तिच्याबद्दल तोंड कसं उघडणार? ‘‘दुकानं,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे, पुस्तकांची दुकानं. ग्रंथालयाच्या स्मरणिकेसाठी लेख करतोय. नांदेड आणि लातूर भागातली पुस्तकांची दुकानं. फिरावं लागेल.’’

‘‘या आठवड्यात?’’

‘‘छपाईची घाई आहे.’’

खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको इतका तपशील देतो. मी मुखपृष्ठाचा रंगसुद्धा सांगून बसलो.

मंगळवारी सकाळी शाळेच्या क्लार्कला, एका मित्राचं म्हणून, विचारलं की गुणपत्रिका हरवली तर दुसरी किती दिवसांत मिळते. त्यानं पान थुंकून बोटं मोजली. पोलिसांचा दाखला, तहसीलचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात निवेदन, मग औरंगाबादला विभागीय मंडळ. ‘‘दीड महिना. साहेब रजेवर नसले तर.’’ आणि वर, ‘‘तुमच्या मित्राला सांगा, असा निष्काळजी माणूस मी पाहिला न्हाई.’’ मी सांगतो म्हणालो.

मग वीरभद्रला गाठलं. तो हातगाडीवर भजी खात होता.

‘‘पुस्तकं? सर, आम्ही गावात गेलो ना. लोकं पत्र्याच्या शेडात राहून राहिले. सरपंच म्हणले, पुस्तकं लई आली, ठिवावी कुठं? पोरांना वह्या-पाट्या न्हाईत, त्या द्या. मंग आम्ही जाडी जाडी पुस्तकं देऊन बदल्यात वह्या आणल्या.’’

सरपंचाचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मला रागावताही येईना. ‘‘कुणाकडून?’’

‘‘स्टेशनापाशी चांगुणाबाई बसत्यात ना, त्यांच्याकडनं.’’

चांगुणाबाईंचं दुकान म्हणजे फुटपाथवर अंथरलेलं मेणकापड आणि त्यावर जुन्या पुस्तकांच्या नऊ थप्प्या. मी लेखाच्या सोंगासाठी वही आणि पेन हातात घेऊन गेलो, ही माझी चूक झाली. वही घेऊन कुणी फुटपाथवर आलं तर तो अतिक्रमणवाला असतो, हे सगळ्या स्टेशन रोडला ठाऊक आहे. मी ‘‘बाई, जरा माहिती हवी होती,’’ एवढं म्हणेपर्यंत त्यांनी पाच थप्प्या पोत्यात भरल्या. शेजारचा कंगवेवाला तर पळालाच. पुढची पंधरा मिनिटं मी त्यांना पोत्यातून पुस्तकं परत काढू लागत होतो आणि स्मरणिका म्हणजे काय ते समजावत होतो.

बाईंना अक्षर येत नाही. पुस्तक त्या पाठीच्या रंगावरून आणि वजनावरून ओळखतात. ‘‘लाल? दोन शेराचं?’’ त्या लगेच म्हणाल्या. ‘‘दोन दिस उशाला घेऊन झोपले मी. मान धरली. मंग उमरीच्या चन्नबसप्पाला देऊन टाकलं. त्यानला पाह्यजेच व्हतं.’’

‘‘त्यात एखादा कागद…’’

‘‘मी कशाला उघडू? मला काय वाचता येतंय?’’ त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. ‘‘माझं नाव पहिलं घाला. दुकानाला पाटी न्हाई म्हणून काय झालं, चाळीस वर्सं झाली मला हितं.’’ मी घातलं. त्या लिहिलेलं बघत राहिल्या, आणि ते खरंच त्यांचं नाव आहे ना, याची त्यांनी कंगवेवाल्याला बोलावून त्याच्याकडून खात्री करून घेतली.

उमरी लातूरच्या बरोबर उलट्या दिशेला आहे. हे मी भूगोलाचा शिक्षक म्हणून नव्हे, तर वैतागलेला बाप म्हणून सांगतो. बुधवारी किरकोळ रजा टाकून छोट्या रुळांच्या पॅसेंजरनं गेलो. मुदखेडला गाडी इतका वेळ थांबली की मी खाली उतरून दोनदा चहा घेतला आणि एकदा स्टेशनमास्तरांशी भांडलो. प्रेमलानं बरोबर डबा दिला होता आणि मुग्धानं वहीला छान कव्हर घालून त्यावर ‘पुस्तकांची दुकानं : एक प्रवास’ असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. ते कव्हर पाहून मला डबा गेला नाही.

चन्नबसप्पांचं दुकान उमरीच्या बाजारात, कापडदुकान आणि कासारगल्ली यांच्या मधे. आत एक घोंगडी, एक म्हातारे गृहस्थ आणि छतापर्यंत पुस्तकं. कपाळावर भस्म, नाकावर चष्मा. मी कोशाचं नाव काढताच त्यांचे डोळे भरून आले.

‘‘अकरा वर्सं सर, अकरा वर्सं माझ्याजवळ पहिला अन् तिसरा भाग पडून व्हता. मधला मिळंना. हैदराबादपस्तोर चिठ्ठ्या घातल्या. अन् चांगुणाबाईच्या उशाला सापडला बघा.’’ मग ते चष्म्यावरून म्हणाले, ‘‘तुमचा व्हता? मंग त्यात नारळावरचं प्रकरण कसं वाटलं?’’

मी म्हणालो, छान आहे.

‘‘न्हाईच हाय नारळावर. नारळ राहून गेलाय, हीच त्या कोशाची मोठी चूक हाय. सतरा वर्सं घरात व्हता अन् तुम्ही उघडला न्हाई?’’

‘‘उघडला,’’ मी म्हणालो. ‘‘कागद ठेवायला.’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांची माझी ग्रंथालयाची किल्ली खिशात जड झाली. राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. शेवटी मी लाज सोडून गुणपत्रिकेबद्दल विचारलं.

‘‘हाव, व्हता एक कागद. कडक, शिक्क्याचा. भूकंपावरची पानं वाचत व्हतो, तिथंच व्हता.’’

‘‘मग? मग कुठे आहे?’’

‘‘जागच्या जागी ठिवला. कुणी पुस्तकात खूण ठिवली तर ती काढू नाही, सर. वाचणारा परत आला तर त्यानं कुठनं सुरू करावं?’’

मी त्यांच्या पाया पडावं की त्यांचा गळा धरावा, हे ठरवेपर्यंत त्यांनी पुढचं सांगितलं. मागच्याच आठवड्यात लातूरच्या गंजगोलाईतल्या भीमाशंकर नावाच्या पुस्तकवाल्यानं तिन्ही भाग नेले होते. ‘‘त्यानं जपून ठिवला असंल. वाचणारा माणूस हाय.’’ निघताना त्यांनी स्मरणिकेसाठी स्वतःचा फोटो दिला. तो पासपोर्टचा होता, पण त्यात ते हसत होते.

गुरुवारी लातूर गाठायचं होतं. गुरुवारीच शाळेची वार्षिक तपासणी निघाली. हेडमास्तर म्हणाले, ‘‘कंधारकर, ग्रंथालयाची किल्ली तुमच्याकडे, तुम्ही पाहिजेच.’’ तपासणी अधिकाऱ्यांनी ग्रंथालय पाहिलं, फॅन लावायला सांगितला आणि तिथेच बसून संध्याकाळपर्यंत बुंदीचे लाडू खाल्ले. पुस्तकाकडे कुणी पाहिलं नाही. त्या दिवसापुरता मला त्यांना दोष देण्याचा हक्क उरला नव्हता.

शुक्रवार उजाडला तो मुग्धाला घेऊनच. प्रवेशासाठी तिनं समक्ष जायचं होतं. नवा ड्रेस, दोन वेण्या, प्रेमलानं हातावर दही घातलेलं. ‘‘गुणपत्रिका घेतलीत ना?’’ प्रेमलानं विचारलं. मी पिशवीवर थाप मारली. पिशवीत चन्नबसप्पांचा फोटो होता.

‘‘सर, सीट ड्रायव्हरच्या मागची धरा,’’ अप्पा कुंपणावरून ओरडले. ‘‘अन् दुकानं-बिकानं आज ठिवा बाजूला. लई झालं ते खूळ.’’

सहाची एसटी अहमदपूरला पट्टा तुटून बसली. दुसरी गाडी येईपर्यंत स्टँडवर उभे होतो, तेवढ्यात माझ्या हातातली वही बघून समोरच्या दुकानातून एक बाई हात हलवत आल्या. डोक्यावर पदर, हातात चाव्यांचा जुडगा. ‘‘तुम्हीच ना ते दुकानांचं लिहून राहिले? उमरीच्या चन्नबसप्पांनी कंडक्टरजवळ निरोप धाडलाय. चला.’’ या सिद्धम्मा. नवऱ्याच्या मागं दुकान त्याच चालवतात. वह्या, गाइडं, भजनाची पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात भेंडीचं बियाणं. ‘‘पुस्तकावर घर चालत न्हाई सर, भेंडीवर चालतं. पण पाटी पुस्तकाचीच ठिवली. ह्यांनी रंगवलेली हाय.’’ त्यांनी आम्हाला धपाटे वाढले, नवऱ्याचा फोटो दाखवला, दुकानाचा सबंध इतिहास सांगितला. मी घड्याळाकडे बघत होतो. मुग्धा मात्र वही घेऊन भराभर उतरून घेत होती. ‘‘बाबा किती मन लावून करताहेत लेख,’’ ती सिद्धम्मांना म्हणाली. ‘‘मला माहीतच नव्हतं.’’

मी आणखी एक धपाटा मागून घेतला. तेवढ्यात आमची गाडी आमच्याशिवाय सुटली.

लातूरला उतरलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. मुग्धाला म्हणालो, कॉलेजला जाण्याआधी गंजगोलाईत एक दुकान राहिलंय, पाच मिनिटं. ती बिचारी हो म्हणाली. गोलाई म्हणजे मधल्या देवीच्या मंदिराभोवती गोल बाजार आणि त्याला फुटलेले सोळा रस्ते. मी तीन चुकीच्या रस्त्यांत शिरलो. एकात मिरच्या, एकात सोनं, एकात लग्नाचे बस्ते. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी क्लासच्या पाट्या, एकीवर एक चढवलेल्या. भौतिक, रसायन, जीव. मी मान खाली घालून चालत होतो.

‘‘बाबा,’’ मुग्धा थांबली. ‘‘इथे माझं नाव का आहे?’’

मी वर पाहिलं. ताज्या रंगाची पिवळी पाटी होती. ‘आमची गुणवंत विद्यार्थिनी कु. मुग्धा रेणुकादास कंधारकर, ८६%. प्रवेश सुरू. प्रो. भीमाशंकर.’ खाली दुकान, अर्ध्या भागात पुस्तकं, अर्ध्या भागात बाकडी.

भर बाजारात, एका कुल्फीच्या गाडीशेजारी, मी मुलीला सगळं सांगितलं. कोश, टाळ्या, चांगुणाबाई, उमरी. स्मरणिका नाही हे सांगताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ते ऐकून तिनं हातातल्या वहीकडे पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, ‘‘आईला माहीत आहे?’’ मी नकारार्थी मान हलवली. ‘‘चला,’’ ती म्हणाली आणि माझ्यापुढे दुकानात शिरली.

भीमाशंकर पस्तिशीचा, अंगानं भरलेला, हातात खडू. मी आयुष्यात जमवलेला सगळा आवाज काढला. ‘‘ही माझी मुलगी! ही तुमच्या क्लासात कधी आली होती? हिनं एकही क्लास लावला नाही! एकही! ही फसवणूक आहे!’’

तो दचकला नाही. त्याचा चेहरा चक्क उजळला. ‘‘या या! सापडलात एकदाचे!’’ त्यानं बाकडं पुसलं. ‘‘अहो सर, तुम्हाला शोधायलाच तर नाव लावलं. कोशात गुणपत्रिका निघाली, पत्ता न्हाई. पेपरात छापलं तर कोण वाचतंय? लातुरात लोकं फक्त क्लासच्या पाट्या वाचत्यात. म्हणलं, पोरगी शायन्सची, येणार हितंच. नाव बघितलं की येईल. आली का न्हाई?’’

आली होती, हे खरं होतं. माझा संताप त्या खरेपणावर आपटून खाली बसला. ‘‘पण ‘आमची विद्यार्थिनी’?’’

‘‘मंग काय ‘हरवलेली’ लिहू? आडमिशनच्या दिवसांत?’’ मग तो थोडा खाली मान घालून म्हणाला, ‘‘तुमच्यापासून काय लपवू. बापाच्या वेळपासून दुकान हाय. लोकं पुस्तक घेईनात. गाइड घेऊ लागले, मंग विचारायले, हे शिकवतो कोण? म्हणून बाकडी टाकली. त्या बाकड्यांच्या जिवावर तो कोश घेतला बघा, तिन्ही भाग. रात्री वाचतो.’’

गुणपत्रिका त्यानं गल्ल्यातून काढली. घडी पडली नव्हती. उलट प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन केलेली होती, चकचकीत. ती बघून माझे डोळे पाणावले, याची मला लाज वाटत नाही.

‘‘फक्त एक करा,’’ तो म्हणाला. ‘‘पाटी पुसायला लावू नका. आता नाव पुसलं तर लोकं म्हणतील, पोरगी नापास झाली. अन् दोन ओळी लिहून द्या, क्लासला होती म्हणून.’’

साडेतीन वाजले होते. चार ओळी लिहिल्या असत्या तरी माझं काय गेलं असतं? तिचं कॉलेज वाचत होतं. मी पेन काढलं. बावीस वर्षांत न घेतलेल्या सगळ्या शिकवण्या माझ्याकडे बघत आहेत असं वाटलं, पण मी कागद ओढला.

मुग्धानं माझ्या हातातून पेन घेतलं.

‘‘सर, नाव राहू द्या,’’ ती भीमाशंकरला म्हणाली. ‘‘पण मी तुमच्याकडे शिकले नाही. मी अंगणात शिकले. भूकंपाच्या भीतीनं आई घरात बसू देत नव्हती, म्हणून अडीच महिने हौदाला टेकून बसायचे. डास चावायचे. बल्ब गेला की बाबा काडेपेटी धरून उभे राहायचे. पाटीवर लिहायचं तर तेच लिहा. क्लास : अंगण, नांदेड.’’

काडेपेटीचं मी विसरलो होतो. तिला आठवत होतं.

भीमाशंकरनं हातातला खडू खाली ठेवला. मग रंगाचा डबा घेऊन स्वतः शिडीवर चढला आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. खाली उतरून लांबून बघितलं. ‘‘अंगण,’’ तो पुटपुटला. ‘‘नाव चांगलं हाय.’’ त्याच वेळी मी सावध व्हायला हवं होतं.

कॉलेजच्या खिडकीवर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. क्लार्कनं गुणपत्रिका उलटसुलट केली. ‘‘प्लॅस्टिक का घातलं? मागं शिक्का मारावा लागतो.’’ मी म्हणालो, प्लॅस्टिकवर मारा. त्यानं मारला. शाई मुग्धाच्या नव्या ओढणीला पुसली गेली. त्यानं पुन्हा मारला, पुन्हा पुसली. तिसऱ्या वेळी त्यानं शिक्का मारला, मी आणि मुग्धानं दोन बाजूंनी फुंकर घातली, आणि पाचला दोन मिनिटं असताना तो पावतीवर सही करता झाला. ओढणीवरचे दोन्ही शिक्के अजून आहेत. प्रेमलाला मी सगळं सांगितलं. ती तीन दिवस बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी घरातले सगळे कागद तिनं एका पत्र्याच्या पेटीत ठेवले, घड्या घालून.

वहीतली दुकानं मी शेवटी खरंच लिहून काढली, कारण चांगुणाबाई स्टेशनावर भेटल्या की वही मागायच्या. ग्रंथालयाची स्मरणिका निघाली नाही. लेख कधी येतो म्हणून सिद्धम्मांची तीन कार्डं आली आहेत.

मुग्धा दर रविवारी भीमाशंकरच्या दुकानात जाऊन कोश वाचू लागली. दिवाळीआधी तिचं पत्र आलं. ‘बाबा, दुसऱ्या भागात भूकंपावर चार पानं आहेत. घराबाहेर किती दिवस थांबावं, ते स्पष्ट दिलंय. आपण थांबलो त्यापेक्षा बरेच कमी. तुम्ही ते पुस्तक एकदा तरी…’ पुढची ओळ मी प्रेमलाला वाचून दाखवली नाही.

आणि पुढच्या जूनमध्ये अप्पांच्या कुंपणावर पिवळी पाटी लागली. ‘अंगण क्लासेस. लातूर पॅटर्न. नांदेड शाखा. प्रो. भीमाशंकर.’ अप्पांनी आपलं अंगण भाड्यानं दिलं होतं.

‘‘सर, वरदला घाला,’’ अप्पा म्हणाले. ‘‘शेजारचे म्हणून पुढं बसवतो.’’

मी शिक्षणाच्या बाजारावर सुमारे अर्धा तास बोललो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की वहिनींनी, म्हणजे प्रेमलानं, काल संध्याकाळीच वरदचं नाव घातलंय.

पन्नास पोरं संध्याकाळी शेजारी जमिनीवर बसतात. प्रत्येकी एक काडेपेटी आणायची असते. दोनदा पाऊस आला तेव्हा मी म्हणालो, निदान पत्रे तरी टाका. पालकच चिडले. ‘‘छप्पर घालू नका, पॅटर्न बिघडंल,’’ एक गृहस्थ कळवळून म्हणाले. ते मुदखेडहून रोज पोराला घेऊन येतात. हौदाला टेकायची जागा पहिल्या पाच नंबरांना मिळते, त्यासाठी दर शनिवारी परीक्षा असते.

मुग्धा परवा सुटीवर आली. बारावीचं पुस्तक घेऊन सवयीनं आमच्या अंगणात हौदाजवळ बसली. पलीकडून पन्नास तोंडांनी सूत्रं सुरू झाली, अप्पा दाद देऊ लागले, आणि भीमाशंकर कुंपणावरून वाकून पोरांना तिला दाखवू लागला. मुग्धानं पाच मिनिटं सहन केलं. मग ती उठली.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘आता अभ्यास करायचा तर घरातच बसायला हवं.’’

आणि तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.